वातानुकूलन यंत्रणेचे ऊर्जा परीक्षण

वातानुकूलन यंत्रणेचे ऊर्जा परीक्षण म्हणजे इमारत थंड ठेवण्यासाठी बसवलेली यंत्रसामग्री दिलेल्या गारव्याच्या मोबदल्यात किती वीज घेते, आणि तेवढा गारवा त्या इमारतीस खरोखर लागतो का, याची मोजमापांवर आधारलेली तपासणी होय. युरोपातील अनेक देशांत ती ठरावीक मुदतीने करणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतात वातानुकूलनासाठी अशी स्वतंत्र सक्तीची तपासणी नाही; ती ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ खालील एकूण ऊर्जा परीक्षणाचा एक भाग म्हणून केली जाते. हा कायदा प्रामुख्याने मोठ्या वीजग्राहकांसाठी असल्यामुळे आळेफाटा, नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारगावांतील रुग्णालये, बँका, मंगल कार्यालये व दुकाने जवळजवळ पूर्णपणे त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

संज्ञा व एकके

व्यवहारात ‘एसीची सर्व्हिसिंग’ आणि ‘ऊर्जा परीक्षण’ या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत. सर्व्हिसिंगमध्ये यंत्र स्वच्छ केले जाते, गॅसचा दाब पाहिला जातो आणि यंत्र चालू स्थितीत ठेवले जाते. परीक्षणात यंत्र चालू आहे हे गृहीत धरून ते कोणत्या किमतीत चालते हे मोजले जाते. एखादा संच उत्तम गार हवा देत असूनही दीडपट वीज खात असू शकतो, आणि सर्व्हिसिंगच्या नोंदवहीत त्याची नोंद ‘ठीक’ अशीच होते.

गारव्याचे एकक टन हे आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्या दराला एक टन शीतकरण म्हणतात. हा दर ३.५१७ किलोवॅट इतका आहे. त्यामुळे ‘दीड टनाचा एसी’ म्हणजे सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर टाकणारा संच. तो त्यासाठी साधारण दीड किलोवॅट वीज घेतो. उष्णता आणि वीज या दोन्ही किलोवॅटमध्येच मोजल्या जात असल्याने ग्राहकांचा येथे नेहमी गोंधळ होतो. परीक्षणाच्या अहवालात मोठ्या यंत्रणांसाठी ‘एका टनामागे किती किलोवॅट’ हे गुणोत्तर वापरतात. ते जितके कमी, तितकी यंत्रणा दक्ष. घरगुती संचांसाठी याच्या उलट गुणोत्तर, म्हणजे एका युनिट विजेत मिळणारा गारवा, वापरले जाते. तारांकनाच्या पट्टीवर छापलेला हंगामी दक्षता गुणांक हाच असतो व तो जितका जास्त तितका चांगला.

पार्श्वभूमी

विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यू यॉर्कमधील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. कागद ओलाव्याने फुगू नये हा तिचा हेतू होता. माणसांचा आराम नंतर आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेच्या दर्शनी भिंतींच्या कार्यालयीन इमारती वाढल्या आणि वातानुकूलन हा इमारतीच्या वीजवापरातील सर्वांत मोठा घटक बनला. पूर्ण वातानुकूलित व्यापारी इमारतीत एकूण विजेचा साधारणपणे ४० ते ६० टक्के भाग त्यावर खर्च होतो.

युरोपीय संघाने २००२ च्या इमारत ऊर्जा निर्देशात (२००२/९१) १२ किलोवॅटपेक्षा अधिक शीतकरण क्षमतेच्या यंत्रणांची नियमित तपासणी सदस्य देशांवर बंधनकारक केली. इंग्लंड व वेल्समध्ये त्यानुसार २५० किलोवॅटपेक्षा मोठ्या यंत्रणांची पहिली तपासणी ४ जानेवारी २००९ पूर्वी, आणि १२ किलोवॅटपेक्षा मोठ्या उर्वरित यंत्रणांची ४ जानेवारी २०११ पूर्वी पूर्ण करणे आवश्यक ठरले. त्यानंतरच्या दोन तपासण्यांमध्ये पाच वर्षांहून अधिक अंतर चालत नाही. तपासनीस मान्यताप्राप्त असावा लागतो आणि त्याचा अहवाल इमारतीच्या व्यवस्थापकाला जपून ठेवावा लागतो. त्यातील शिफारशी अमलात आणण्याचे मात्र बंधन नाही. यामुळे ही तपासणी पुष्कळदा केवळ कागदपत्रांची पूर्तता ठरते, अशी टीका तेथे सुरुवातीपासून होत आली आहे. २०१८ च्या सुधारित निर्देशाने युरोपीय संघात ही मर्यादा १२ वरून ७० किलोवॅटवर नेली. लहान यंत्रणांच्या तपासणीचा खर्च त्यातून होणाऱ्या बचतीच्या तुलनेत जास्त पडतो, हे त्यामागील मुख्य कारण होते.

भारतातील कायदेशीर चौकट

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. मूळ कायद्यात ‘इमारत’ या संज्ञेसाठी ५०० किलोवॅट जोडभार किंवा ६०० केव्हीए करार मागणी ही किमान मर्यादा होती. २०१० च्या दुरुस्तीने ती १०० किलोवॅट किंवा १२० केव्हीएपर्यंत खाली आणली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, निवासी व कार्यालयीन इमारतींचाही या चौकटीत समावेश केला आणि जोडभाराची मर्यादा आणखी कमी करण्याची मुभा राज्यांना दिली.

ही मर्यादा ओलांडली म्हणून परीक्षण आपोआप सक्तीचे होत नाही. मुदतबंद परीक्षण ‘नामनिर्देशित ग्राहकां’वर, म्हणजे ठरावीक उद्योग व मोठ्या आस्थापनांवर, बंधनकारक आहे. २०१० च्या विनियमांनुसार अशा ग्राहकाने पहिले परीक्षण १८ महिन्यांत आणि पुढील परीक्षणे दर तीन वर्षांनी, ब्यूरोने मान्यता दिलेल्या ऊर्जा परीक्षकाकडून करून घ्यायची असतात. हॉटेलांचा या गटात नंतर समावेश झाला. नव्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली व २०१७ मध्ये ती सुधारली गेली. वातानुकूलन यंत्रांची किमान दक्षता, नळांवरील उष्णतारोधक आवरण आणि पंप व पंख्यांचे वेगनियंत्रण यांचे निकष तीत आहेत. संहिता इमारत बांधताना लागू होते; दहा वर्षांनी तीच यंत्रणा कशी चालते, हे ती विचारत नाही.

जुन्या इमारतींसाठी ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयांची ऐच्छिक तारांकन योजना सुरू केली. तीत वर्षभरातील वीजवापर बांधीव क्षेत्रफळाने भागून दर चौरस मीटरमागे युनिट हा निर्देशांक काढतात. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामान विभागातील, निम्म्याहून अधिक क्षेत्र वातानुकूलित असलेल्या कार्यालयास पाच तारे मिळण्यासाठी हा आकडा १०० च्या खाली असावा लागतो. १७५ ते २०० दरम्यान एकच तारा मिळतो. परीक्षकाला इमारतीच्या दारातच उभे राहून पहिला अंदाज बांधता येतो तो या निर्देशांकामुळे.

खोलीतील संचांसाठी तारांकन २००६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाले व २०१० पासून सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलक सुरू होताना २४ अंश सेल्सियसवर असणे आवश्यक आहे. त्यानंतर वापरणारा तापमान बदलू शकतो. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा अंदाज आहे.

कार्यपद्धती

परीक्षणाची सुरुवात यंत्राजवळ होत नाही. ती वीजबिलांपासून होते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार, कमाल मागणी आणि मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. डिसेंबर-जानेवारीचा वापर हा दिवे, संगणक, लिफ्ट व पाण्याचे पंप यांचा पायाभूत वापर मानला, तर एप्रिल-मे महिन्यांतील वाढ ढोबळमानाने गारव्याची ठरते. हा हिशेब सर्वत्र चालत नाही. मंगल कार्यालयात लग्नसराईच्या तारखांवर वापर हेलकावे घेतो आणि रुग्णालयात शस्त्रक्रियागृह थंडीतही थंडच ठेवावे लागते. राज्यातील उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने होत असल्याने त्यांच्या बाबतीत शक्तिगुणकातील घट थेट बिलात दिसते.

त्यानंतर प्राथमिक पाहणी होते. परीक्षक इमारतीत फिरून संचांची यादी, त्यांचे वय, वापराचे तास, ठरवलेले तापमान, उघड्या खिडक्या व छताची स्थिती नोंदवतो. अनुभवी परीक्षकाला या फेरीतच बहुतेक दोष कळतात. सविस्तर परीक्षणात मोजमापे घेतली जातात. विजेसाठी पॉवर अ‍ॅनालायझर, हवेच्या वेगासाठी अ‍ॅनिमोमीटर, कोरड्या व ओल्या तापमानासाठी आर्द्रतामापक आणि पाण्याच्या प्रवाहासाठी नळाबाहेरून बसवता येणारा अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक ही त्यातील मुख्य साधने होत.

मध्यवर्ती यंत्रणेत चिलर पाणी थंड करतो, ते पंपांनी मजल्यामजल्यावर फिरवले जाते आणि उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकली जाते. अशा चिलरची तपासणी पुढील उदाहरणावरून समजू शकते. पाण्याचा प्रवाह सेकंदाला १० लिटर आणि येण्या-जाण्याच्या तापमानात ५ अंशांचा फरक मोजला गेला, तर पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ धरून गारवा सुमारे २०९ किलोवॅट, म्हणजे जवळपास ६० टन होतो. त्या वेळी कॉम्प्रेसर ६० किलोवॅट वीज घेत असेल, तर गुणोत्तर टनामागे १ किलोवॅट येते. पाण्याने थंड होणाऱ्या चांगल्या नव्या यंत्रात ते ०.६५ च्या आसपास असू शकते. दोहोंतील फरक २१ किलोवॅटचा. वर्षाला ३,००० तास चालणाऱ्या यंत्रणेत तो ६३,००० युनिटांचा होतो. चिलरच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेवरून हा हिशेब करता येत नाही, कारण पाटीवरील आकडे कारखान्यातील चाचणीचे असतात.

खिडकीतील वा भिंतीवरील संचात पाणी नसते, म्हणून हवेचा प्रवाह आणि तिच्या तापमान-आर्द्रतेतील फरक मोजून गारवा काढावा लागतो. येथे केवळ तापमान पाहिल्यास चूक होते. पावसाळ्यात संचाचा मोठा भाग हवेतील ओलावा पाण्याच्या रूपाने बाहेर काढण्यात खर्च होतो आणि तो तापमापकावर दिसत नाही. लहान संचांचे असे मोजमाप वेळखाऊ असल्याने प्रत्यक्षात त्यांतील काहींचीच निवड करून ते केले जाते.

आढळणारे दोष

सर्वांत जास्त आढळणारा दोष सर्वांत साधा असतो, तो म्हणजे धुळीने भरलेली जाळी. हवा कमी वाहते, कॉइल जास्त थंड होते, कधी तिच्यावर बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. बाहेरच्या संचाची पाखेही अशीच बुजतात. घनीकरणाचे तापमान एक अंशाने वाढले तर कॉम्प्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढते. अनेक इमारतींत बाहेरचे संच एकाच अरुंद चौकात एकावर एक टांगलेले असतात. खालच्याने टाकलेली गरम हवा वरचा ओढून घेतो. ही चूक यंत्राची नसते, वास्तुरचनेची असते, आणि जाळी धुऊन ती जात नाही.

दुसरा दोष अतिक्षमतेचा. शंभर-दीडशे चौरस फुटांना एक टन असा ठोकताळा विक्रेते वापरतात. त्यात छत, खिडक्यांची दिशा, माणसांची संख्या यांचा विचार नसतो. गरजेपेक्षा मोठा एकवेगी संच खोली लवकर गार करून बंद पडतो व पुन्हा सुरू होतो. या थोड्या थोड्या वेळात ओलावा नीट निघत नाही, खोली गार पण दमट वाटते आणि माणसे तापमान आणखी खाली आणतात. पावसाळ्यात २० अंशांवर चालणारी कार्यालये याच चक्रात अडकलेली असतात.

मध्यवर्ती यंत्रणेत पाण्याचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त असणे हा नेहमीचा दोष आहे. येण्या-जाण्याच्या पाण्यात साडेपाच अंशांचा फरक राहावा अशी आखणी असते, पण मोजणीत तो दोन-तीन अंशच निघतो. म्हणजे पंप दुप्पट पाणी व्यर्थ फिरवत असतात. पंप व पंख्यांच्या बाबतीत वेग २० टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणूनच वेगनियंत्रक बसवण्याची शिफारस बहुतेक अहवालांत असते. बसवलेला नियंत्रक नंतर कोणीतरी पूर्ण वेगावर कायम करून ठेवल्याचेही फेरतपासणीत आढळते.

गॅसची गळती हा ऊर्जेचा आणि पर्यावरणाचा असा दुहेरी प्रश्न आहे. जुन्या संचांतील आर-२२ ओझोन थराला हानिकारक असून त्याचे उष्णता धरून ठेवण्याचे सामर्थ्य कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट आहे. आर-४१०ए ओझोनला घातक नसला तरी त्याचा हा आकडा सुमारे २,०८८ आहे. आर-३२ चा ६७५. माँट्रिऑल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि अशा वायूंचा वापर २०४७ पर्यंत टप्प्याटप्प्याने ८५ टक्क्यांनी घटवण्याचे मान्य केले. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून’ घेणे म्हणजे गळती शोधलीच न जाणे होय. बंद चक्रातील वायू संपण्याची वस्तू नाही, ही गोष्ट परीक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

ताजी हवा हा या सर्वांतील नाजूक भाग. बाहेरची हवा आत घेणे बंद केले की वीज वाचते, पण खोलीत कार्बन डायऑक्साइड व रोगजंतू साचतात. शस्त्रक्रियागृहात हवाबदलाचे प्रमाण वैद्यकीय निकषांनी ठरलेले असते आणि ऊर्जा परीक्षकाने त्यात कपात सुचवणे अपेक्षित नसते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात ऊर्जा संवर्धन अधिनियमाची अंमलबजावणी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, ही संस्था करते. तिची नोंदणी १९८५ मध्ये झाली व जुलै १९८६ पासून तिचे काम सुरू झाले. मुख्यालय पुण्यात आहे. परीक्षण करून घेणाऱ्या लहान-मध्यम आस्थापनांना खर्चाचा काही भाग देण्याच्या योजना तिने राबवल्या आहेत. राज्याने २०१७ मध्ये ऊर्जा संवर्धन धोरण स्वीकारले व पाच वर्षांत १,००० मेगावॅट बचतीचे लक्ष्य ठेवले. त्याच वर्षी शासकीय इमारतींतील दिवे, पंखे व वातानुकूलक बदलण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाने एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या केंद्रीय कंपनीशी करार केला.

जुन्या इमारतीतील परीक्षण व सुधारणेचे राज्यातील सर्वाधिक उल्लेखले जाणारे उदाहरण मुंबईच्या फोर्ट भागातील गोदरेज भवन हे आहे. १९७२ मध्ये बांधलेल्या या सहा मजली कार्यालयीन इमारतीत २०१० मध्ये सुधारणा करण्यात आल्या. वातानुकूलन यंत्रणा बदलणे हा त्यातील प्रमुख भाग होता. त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वार्षिक वीजवापर सुमारे ११ ते १२ टक्क्यांनी घटला आणि ऊर्जाबचतीवरील गुंतवणूक पाच वर्षांच्या आत भरून निघण्याजोगी ठरली. बचतीचा हा आकडा विक्रेत्यांच्या जाहिरातींतील आकड्यांपुढे लहान वाटतो. तो महत्त्वाचा आहे तो प्रत्यक्ष बिलांतून काढलेला असल्यामुळे.

आळेफाटा व जुन्नर-आंबेगाव परिसर

आळेफाटा हे जुन्नर तालुक्यातील ठिकाण पुणे–नाशिक आणि माळशेज घाटातून येणाऱ्या कल्याण–अहिल्यानगर या महामार्गांच्या छेदावर वसले आहे. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या येथील उपबाजारात कांद्याचे व दुभत्या जनावरांचे मोठे व्यवहार होतात. जवळच्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. तिच्या रेडिओ-शांततेसाठी परिसरातील उद्योगांवर निर्बंध असल्याने येथील वीजवापराची वाढ कारखान्यांपेक्षा व्यापारी इमारतींतून अधिक होते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना असलेली रुग्णालये, बँकांच्या शाखा, लॉज, कापड व सोन्याची दुकाने आणि मंगल कार्यालये यांत वातानुकूलन ही आता नेहमीची सोय आहे.

या इमारती कायद्याच्या दृष्टीने किती लहान आहेत हे आकड्यांवरून कळते. दीड टनाचा संच सुमारे दीड ते पावणेदोन किलोवॅट वीज घेतो. १०० किलोवॅट जोडभार केवळ एसींनी गाठायचा तर साठ संच लागतील. दहा-बारा संच असलेले खाजगी रुग्णालय १५ ते २० किलोवॅटवर थांबते. हेच रुग्णालय इंग्लंडमध्ये असते तर १२ किलोवॅट शीतकरणाच्या मर्यादेमुळे दर पाच वर्षांनी तपासणीस पात्र ठरले असते. तेथे एकाच इमारतीत एका ताब्यातील दीड टनाचे तीन संचही पुरेसे होतात. युरोपीय संघाच्या आजच्या ७० किलोवॅट मर्यादेनुसार मात्र सुमारे चौदा संच असावे लागतील. मर्यादा कोठे आखायची हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. बाजारगावांतील एकेक इमारत लहान असली, तरी अशा गावांची संख्या मोठी आहे आणि त्यांचा भार उन्हाळ्यात एकाच वेळी, दुपारी, त्याच ग्रामीण वाहिन्यांवर पडतो ज्यांवर शेतीपंपही चालतात.

परिसराच्या हवामानाचाही परीक्षणात विचार करावा लागतो. आळेफाटा सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी कडक पण कोरड्या असतात आणि रात्री हवा उतरते. अशा हवेत पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर एसीच्या काही अंशानेच वीज घेऊन मंगल कार्यालयासारख्या मोठ्या, दारे उघडी राहणाऱ्या सभागृहाला पुरतो; पावसाळ्यात तो निरुपयोगी ठरतो. पत्र्याचे छत असलेल्या सभागृहात एसी बसवण्यापूर्वी छतावर परावर्तक पांढरा लेप किंवा खाली उष्णतारोधक थर देणे स्वस्त पडते. वरच्या मजल्यावरील उघड्या स्लॅबखाली असलेल्या रुग्णकक्षांनाही हेच लागू होते. मुंबईतील कार्यालयासाठी लिहिलेला अहवाल येथे जसाच्या तसा वापरता येत नाही.

गारवा यंत्रानेच मिळवायला हवा का, या प्रश्नाचे एक उत्तर या भागातील शेतकऱ्यांकडे पूर्वीपासून आहे. कांदा चाळीत तळाशी व बाजूंना फटी ठेवून हवा खेळती ठेवली जाते आणि विजेशिवाय कांदा काही महिने टिकतो. द्राक्षांना ही सोय पुरत नाही. निर्यातीची द्राक्षे काढणीनंतर लगेच पूर्वशीतकरण करून शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. शीतगृहाचे परीक्षण इमारतीच्या वातानुकूलनाहून वेगळे असते. तेथे माणसांचा आराम नसतो. मालाबरोबर आत येणारी शेतातील उष्णता, दार उघडण्याची वारंवारता, पफ पॅनेलच्या सांध्यांतील गळती आणि कॉइलवरील बर्फ काढण्याचे वेळापत्रक यांवर भर असतो. दुपारच्या उन्हातील माल थेट शीतगृहात न नेता पहाटे तोडणी करणे ही त्यातील बिनखर्ची शिफारस असून बागायतदार ती परीक्षकाच्या आधीपासून पाळतात.

खोडदच्या दुर्बिणीमुळे आणखी एक मुद्दा पुढे येतो. इन्व्हर्टर व वेगनियंत्रक यांतील वेगवान विद्युत स्विचिंगमुळे रेडिओ लहरींचा गोंगाट निर्माण होऊ शकतो. रेडिओ दुर्बिणींच्या परिसरात अशी साधने योग्य गाळण्या व आवरणाशिवाय बसवणे इष्ट नसते. ऊर्जा वाचवणारे प्रत्येक साधन सर्वत्र सारखेच उपयुक्त नसते, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मर्यादा व टीका

परीक्षणाने वीज वाचत नाही. शिफारशी अमलात आल्या तर वाचते. भाड्याच्या इमारतीत यंत्रणा मालकाची आणि बिल भाडेकरूचे असते, त्यामुळे खर्च करण्यात दोघांनाही रस नसतो. परीक्षण करणारा हाच यंत्रविक्रेता असेल, तर दुरुस्तीपेक्षा नवा संच घेण्याची शिफारस होण्याचा धोका राहतो. यावर उपाय म्हणून ऊर्जा सेवा कंपन्यांचे प्रारूप पुढे आले. त्यात कंपनी गुंतवणूक करते आणि बचतीतून ती वसूल करते. यात ‘बचत किती झाली’ यावरून वाद होतात, कारण एखादा उन्हाळा सौम्य गेला तरी बिल कमी येते. आधारवर्ष कोणते आणि हवामानाचा फरक कसा वजा करायचा, हे करारातच ठरलेले नसल्यास मोजमापे असूनही निर्णय होत नाही.

परीक्षणाची वेळ हाही एक दोष ठरू शकतो. आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत किंवा हिवाळ्यात केलेल्या तपासणीत यंत्रणा अंशभारावर चालत असते आणि मे महिन्यातील तिचे वर्तन दिसत नाही.

लहान आस्थापनांच्या बाबतीत मान्यताप्राप्त परीक्षकाचे शुल्क वर्षभराच्या संभाव्य बचतीच्या जवळ जाऊ शकते. दहा संचांच्या रुग्णालयाला प्रवाहमापकाची गरज नसते. जाळ्या, बाहेरच्या संचांची जागा, ठरवलेले तापमान, गळती आणि छत एवढे पाहणारा जाणकार तंत्रज्ञ पुरतो. भारत शीतकरण कृती आराखड्याने, जो मार्च २०१९ मध्ये जाहीर झाला, २०३७-३८ पर्यंत शीतकरणासाठीची ऊर्जेची गरज २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले आणि त्याच वेळी एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे ठरवले. आळेफाट्यासारख्या ठिकाणी एसी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बहुधा एखाद्या वरिष्ठाच्या हाताखाली काम शिकलेला असतो आणि ऊर्जेच्या दृष्टीने इमारतीची पाहणी करणारा तो एकमेव माणूस असतो. त्याच्याकडे गॅसचा दाबमापक असतो. विजेचे मोजमाप करणारा क्लॅम्प मीटर असेलच असे नाही, आणि ग्राहकही त्याला त्याबद्दल विचारत नाही.